परवान्यावरचं चौथं नाव

आमच्या सासरी मुळशीच्या धरणावर मासे मारायला जायचा बेत तीन वर्षं चालला होता. तीन वर्षं! तेवढ्या काळात नदीवर पूल उभा राहतो. आमच्या आबांचा बेत मात्र ओट्यावरून उठून दौंडच्या स्टेशनापर्यंतसुद्धा कधी पोचला नव्हता.

आबा म्हणजे माझे सासरे. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. साठ सालाच्या जरा अलीकडपलीकडची गोष्ट. आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढं ओटा, मागं मोरी. आबा संध्याकाळी ड्यूटीवरून आले, हातापायाचं ग्रीस राखेनं घासून काढलं, की ओट्यावर बैठक बसायची. बैठकीला दोघंजण ठरलेले. एक मिस्त्रीचाचा, मूळचे शिरूरचे मुसलमान सुतार. शिरूरच्या बाजारातून कळक निवडून आणून ते गळाच्या काठ्या तयार करायचे, आणि त्यांच्या हातची काठी म्हटल्यावर भीमेच्या काठावर लोक मान द्यायचे. दुसरे बागाईतदार मामा. भांडगावाकडं कालव्याच्या पाण्यावर त्यांचा झेंडू आणि टोमॅटो. माल बाजारात टाकला की बैलांना वैरण घालून ते आमच्या ओट्यावर हजर.

मग बेत सुरू. जायचं कधी? सोमवार आबांचा शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्या दिवशी माशाचं नावसुद्धा नाही. शुक्रवारी चाचांची नमाज. मंगळवारी मामांची तोडणी. राहिला रविवार. तर आबा म्हणायचे, "रईवारी तिथं लई गर्दी आसती." कुणी सांगितलं? तिघांपैकी एकानंही ते धरण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं! मग कधी श्रावण आडवा यायचा, कधी रमजान, कधी मामांच्या उसाची लागण. आणि धरणातल्या माशाचा आकार मात्र दर बैठकीला वाढत जायचा. पहिल्या वर्षी तो हाताएवढा होता, तिसऱ्या वर्षी मांडीएवढा झाला.

मी आत चहा करत हे सगळं ऐकायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

का, ते सांगते. माझं माहेर भांडगावाच्या पलीकडचं. गावाला लागूनच कालव्याच्या पाण्यावर भरणारा मोठा तलाव. सात वर्षांची असल्यापासून मी बापाबरोबर तिथं गळ टाकून बसायचे. बापाला मुलगे नव्हते असं नाही, चांगले दोन होते. पण ते चुळबुळे. मी बसले की बसले. पाण्यावरची मोरपिसाची काडी हलली की बाप नुसता माझ्याकडं बघायचा, आणि मी झटका द्यायचे. तो झटका देताना हाताला जे कळतं ना, ते मला दुसऱ्या कशातच कधी कळलं नाही. मग लग्न झालं, दौंडला आले, आणि ते सुटलं ते सुटलंच.

आबांचा नियम असा की बाईचा हात लागला की काठी बाटली. ओलांडली तर तिचं सरपणच करायचं. त्यांची काठी दाराच्या वर दोन खुंट्यांवर आडवी असायची, आणि मी दिवसातून पन्नास वेळा तिच्याखालून ये-जा करायचे. आता गंमत बघा. गळाला लावायची कणीक कोण मळायचं? मी! बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग, आणि गळावरून निसटू नये म्हणून पिंजलेला कापूस. हे सगळं गरम पाण्यात मळून उखळात कुटायचं. तेव्हा माझे हात बाटत नव्हते. मासे आले की साफ करायला माझे आणि सासूबाईंचे हात. मधलं तेवढं, जे करण्यासारखं होतं ते, पुरुषांचं.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. त्या धरणाच्या पाण्यात मला माझ्या हातानं गळ टाकायचा होता. बेत ऐकून ऐकून ते पाणी माझ्या डोळ्यांपुढून हलेना झालं होतं. लग्न होऊन आल्यापासून चार वर्षं मी मूग गिळून बसले होते.

एक दिवस मात्र तोंड उघडलं. मी ओट्यावर चहाचे कप ठेवत होते. आबांची कणकेची चर्चा चालली होती.

"कापूस दुप्पट घालायचा," आबा म्हणाले. "धरनाचं पानी म्हंजी केवढं! धुऊन न्हेईल समदी कनीक."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आबा, धरणाचं पाणी कुठं चाललंय कणीक धुऊन न्यायला? ते उभं पाणी हाय. नदीत वास पुढं न्यायला धार असती. उभ्या पाण्यात कणीक भुसभुशीत पायजे. ती विरघळती, वास पसरतो, मग मासा येतो. कापसाचा दगड टाकून बसलात तर आठ दिवस बसाल."

ती तिघंही सगळं आयुष्य भीमेच्या आणि घोड नदीच्या काठावर गेलेली माणसं. पाणी म्हटलं की ते वाहणारच, एवढंच त्यांना ठाऊक. चाचांनी मान हलवली. "पोरगी बोलती ते खोटं न्हाई, आबा."

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कप ठिवलं का? मग जा आत."

मी आत आले. कान तापले होते. चुलीपाशी सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्या म्हणाल्या, "तोंड आवरंना व्हय गं तुला? चार मान्सांत सासऱ्याला शिकवती!"

"चार वर्षं आवरलंय, आत्याबाई," मी म्हणाले. त्यांनी भाकरी अशी थापली की काठवट वाजली.

त्यानंतर महिनाभरानं चाचांनी बातमी आणली. धरणावर कुणीही जाऊन गळ टाकू शकत नाही, तिथल्या हापिसाचा परवाना लागतो. त्यासाठी अर्ज करायचा. मला वाटलं, झालं, आता आणखी तीन वर्षं. पण आबांना एकदम जोर चढला. अर्ज म्हणजे बेताचाच भाग, त्यात कुठं उठून जायचं नव्हतं! प्रश्न एवढाच की लिहायचा कुणी. आबा सही करायचे, तीही सावकाश. चाचांना उर्दू यायचं. मामा अंगठ्याचे धनी. आमचे हे स्टेशनावर तिकिटं देत, पण त्यांची त्या आठवड्यात ड्यूटी उलटीपालटी. मी सातवी पास. मग काय, सूनबाईला हाक.

मी पाटावर बसले, दौत घेतली. आबा सांगत होते, मी लिहीत होते. "कृपावंत सायबांच्या सेवेशी" पासून सुरुवात. मासे मारण्याची आवड, रेल्वेतली नोकरी, कसलाही उपद्रव देणार नाही, सगळं घातलं. मग नावं. एक आबांचं, दोन चाचांचं, तीन मामांचं. खाली बरीच जागा होती. मी चार आकडा घातला आणि त्यापुढं माझं नाव लिहिलं, स्वच्छ, ठसठशीत अक्षरात.

"वाच," आबा म्हणाले. मी वाचलं. नावं तीनच वाचली. आबांनी खाली सही केली.

फसवलं का मी त्यांना? व्हय, फसवलं. वाचायचं टाळणं म्हणजे खोटं बोलणं असेल तर खोटंही बोलले. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं आले, पण त्या एका ओळीची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटली असेल तर मधली चार वर्षं गप्प बसले त्याची.

परवाना आला तो टाइप केलेला, शिक्का मारलेला, इंग्रजीत. ह्यांनी ओट्यावर उभं राहून तो वाचून दाखवला. दिवस हापिसानंच ठरवून दिला होता, पुढच्या आठवड्यातला बुधवार. बुधवार! तीन वर्षांत तो वार कुणाला सुचलाच नव्हता. ना शंकर, ना दत्त, ना मारुती, ना नमाज, ना तोडणी. एकही देव आडवा येईना. आबांची रजा तर साचून पडली होती. मी दारात उभी राहून तिघांची तोंडं बघत होते. खरं सांगते, एकाच्याही तोंडावर आनंद नव्हता.

मग ह्यांनी नावं वाचली. तीन झाली. चौथ्याला ते अडखळले, कागद जवळ धरून बघितला आणि वाचलं. माझं नाव मी सासरी एवढ्या मोठ्यानं उच्चारलेलं पहिल्यांदाच ऐकलं.

"हे कुनी घातलं?" आबांचा आवाज चढला.

"मी."

"कशापायी?"

"मला यायचंय म्हणून."

"बाई गळ टाकनार? आन् आमी काय करायचं, बांगड्या भरायच्या? लोक शेन घालतील तोंडात!"

"भीमेवर नाही ना टाकत, आबा. तिथं कोण ओळखतंय आपल्याला?"

"त्ये काय न्हाई," आबा उठून उभे राहिले. "ही येनार आसंल तर म्या न्हाई येत. सांगून ठिवतो."

त्यासरशी मामा म्हणाले, "आबा न्हाई तर माझं बी जमत न्हाई. टोमॅटो पिकून चाललाय." चाचा पायातल्या चपलेकडं बघत राहिले. "तुमी दोघं न्हाई तर मी एकला काय करू?" आणि मला त्या क्षणी कळलं. तिघंही सुटले होते! गेले असते तर मासा हाताएवढाच निघाला असता, किंवा निघालाच नसता, आणि मग ओट्यावर बोलायचं काय? मी आयतं कारण हातात दिलं होतं. एवढा संताप आला मला. माझ्या नावावर पाय ठेवून हे आपापल्या घरी निवांत झोपणार!

"नका येऊ," मी म्हणाले. "मी जाते. परवान्यावर नाव हाय माझं."

आठ दिवस घरात नुसता धूर. आबा माझ्या हातचं जेवायचे पण तोंडातून शब्द नाही. हे दोन्हीकडं बघत कोंडीत सापडल्यासारखे हिंडायचे. मला एवढंच म्हणाले, "जायचंच असेल तर जा, पण एकटी कशी जाशील?" पुण्यात आत्याबाईंची बहीण राहायची. तिच्याकडं मंगळवारी उतरायचं आणि बुधवारी पहिल्या एसटीनं धरणावर, असं मी ठरवलं होतं. काठी नव्हती. नसेना का, दोरा हातात धरून बसेन. बापानं तेही शिकवलं होतं.

आणि आत्याबाई? त्यांनी तर तोंडाचा पट्टा सोडला होता. "घरात बसवंना हिला. सासऱ्याची अब्रू घालवाया निघाली. आमच्या येळी आसं कुनी बोललं आसतं तर जीभ हासडली आसती." सकाळी सुरू व्हायच्या ते भांडी आवरेपर्यंत. मी उलट बोलत होते, आणि तोंडानं उलट बोलता बोलता आतून भीतही होते. मंगळवार उजाडेपर्यंत माझा धीर सुटणार की काय, असं मला दोनतीनदा वाटलं.

मंगळवारी उजाडता उजाडता मी कणीक मळली. कापूस टाकला नाही. बाजरीचं पीठ जाडसर घेतलं, पेंड नुसती चुरडून घातली आणि ओल्या फडक्यात गोळा बांधून पिशवीत ठेवला. आबा खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. मी वाकून पाया पडले, ते हलले नाहीत. पिशवी उचलून वळते तो दारात आत्याबाई. अंगावर लग्नाकार्याचं लुगडं, काखेत गाठोडं. मला वाटलं, वाट अडवायला उभ्या आहेत.

त्यांनी हात वर केला आणि खुंट्यांवरची आबांची काठी खाली घेतली.

आबा खाटेवरून उडालेच. "अगं ए! काठीला हात लावलास?"

"लावला."

"बाटली ना ती!"

"बाटू द्या." आत्याबाईंनी काठी खांद्यावर टाकली. आवाज चढलेला नव्हता. "तीस वरसं तुमच्या माशांची खवलं काढतीया मी. आतडी काढतीया. हाताचा वास जात न्हाई म्हून सनासुदीला लिंबू चोळून बसतीया. आन् येक मासा जिता बघितला न्हाई आजून! मेला की तेवढा माझ्याकडं येतो. मला त्यो पान्यात बघायचाय. भाकरी झाकून ठिवलीय, वेळंवर खावा."

आबा रिकाम्या खुंट्यांकडं बघत राहिले. मीही पुतळ्यासारखी उभी. "चल की गं," त्या माझ्यावर खेकसल्या, "गाडी काय तुज्या बापाची हाय थांबाया?"

खिडकीवर आमचे हेच तिकिटं देत होते. आईला काठीसकट बघून त्यांच्या हातातली तिकिटं खाली पडली. "आई, तू?" आत्याबाई म्हणाल्या, "पुन्याची दोन दे, आन् मागं लाइन हाय ती बघ." त्यांनी दिली, आणि खिडकीतून मान बाहेर काढून आमच्याकडं हसून बघत राहिले.

गाडीत बसल्यावर मी विचारलंच, "आत्याबाई, मग आठ दिवस मला शिव्या कशाला दिल्या?"

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला वाटलं भिऊन गप बसशील. तू बसली आसतीस तर मी बी बसले आसते."

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून चढ चढलो आणि पाणी दिसलं. मी तलावाकाठी वाढलेली, पण हे काहीतरी वेगळंच होतं. चारी बाजूंनी डोंगर, आणि डोंगरांच्या मधल्या सगळ्या खाचाखोचांतून ते पाणी आत आत गेलेलं. कुठं संपतं ते कळेना. आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आगं बया बया बया!" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. ओट्यावरच्या तिघांची मला एकदम कीव आली. तीन वर्षं बोलून त्यांना याच्या पासंगालाही पुरेल असं काही सुचलं नव्हतं.

काठावर खडकापाशी आम्ही बसतो न बसतो तोच खाकी कपड्यातला राखणदार आला. "परवाना?"

मी दिला. त्यानं उभ्याउभ्या वाचला. "नावं चार हायेत. माणसं दोनच?"

"बाकीच्यांना जमलं नाही," मी म्हणाले आणि माझं नाव सांगितलं. त्यानं कागदावर बोट ठेवून खात्री केली.

"आणि ह्या?"

"ह्या माझ्या सासूबाई."

"मग त्यांनी तिकडं लांब झाडाखाली बसायचं. काठाला यायचं न्हाई आणि काठीला हात लावायचा न्हाई. परवान्यावर ज्याचं नाव त्यालाच परवानगी."

माझं डोकं सणकलं. काठीला हात लावायचा नाही! इथंसुद्धा तेच! मी पदर खोचून बोलायला उठले, तर आत्याबाईंनी मला हातानं बाजूला केलं. राखणदाराच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"त्यावरलं पयलं नाव काय हाय?"

"कशाला?"

"तुमी सांगू नगा. मीच सांगते."

आणि आत्याबाईंनी आबांचं नाव घेतलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, पुरं, मोठ्यानं. त्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नसे. रेशनच्या दुकानात विचारलं तर आत्याबाई मला पुढं करायच्या. हळदीकुंकवाला उखाण्याचा आग्रह झाला की लाजून उठून जायच्या. ते नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्वतःही ऐकलं नसेल.

"हे माजं नाव," त्या म्हणाल्या.

राखणदार हसला. "मावशी, हे गड्याचं नाव हाय."

"व्हय, गड्याचंच हाय. तीस वरसं मी हेच लावतीया. रेशनकार्डावर हेच, दवाखान्यात हेच. दारावर कुनी आलं तर ह्याच नावाची बायकू म्हून मला वळखत्यात. तवा कुनी हसलं न्हाई. मग आज येक दिस का चालंना?"

तो काहीतरी बोलणार होता. पण त्यानं आत्याबाईंच्या तोंडाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "पाच वाजता उठायचं," म्हणाला आणि वळून चालू लागला.

आत्याबाई खडकावर बसल्या. लुगड्याचा काठ वर घेतला, पाय पाण्यात सोडले. मी गळाला भुसभुशीत कणीक लावली, काठी उचलली. चार वर्षांनी हातात आलेली काठी! झोका देऊन टाकणार, तेवढ्यात त्यांनी हात पुढं केला.

"आन् हिकडं. दाव मला, कुठं धरायचं ती."

मी दिली. दुपार कलली तरी त्या सोडेनात. शेवटी भांडून घ्यावी लागली.